रबाळ्याच्या टूलरूममधून एक प्रश्न: डेंग्यूच्या अँटीबॉडी तपासणाऱ्या ‘चिप’चं मोल्डिंग कोणी केलंय का?

रबाळे_टूलरूम | शनिवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

आमची टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, नवी मुंबईत रबाळ्याला छोटी टूलरूम आहे, मी आणि धाकटा भाऊ मिळून बघतो. झाकणं, स्विचची हाऊसिंगं, अधूनमधून मेडिकलचं काही, असं जॉबवर्क चालतं. परवा एका स्टार्टअपवाल्या पोरांनी ड्रॉइंग पाठवलं (ड्रॉइंग इथे टाकणार नाही, मागू नका). पार्ट साधारण एटीएम कार्डाएवढा, चपटा, आणि त्यात नागमोडी नाळ्या, रुंदी १०० मायक्रॉन, खोली ५० मायक्रॉन, टॉलरन्स प्लस मायनस ५. मटेरियल सीओसी (एक पारदर्शक प्लास्टिक). फ्लॅश (कडेला सांडणारं जादा प्लास्टिक) अजिबात नको. आणि खाली ठळक अक्षरात टीप, मोल्ड रिलीज स्प्रे (पार्ट साच्यातून सुटायला मारतात तो) वापरू नये.

मी फोन लावला तर तो मुलगा म्हणाला काका, यात बोटातला रक्ताचा थेंब टाकायचा, पंधरा मिनिटांत डेंग्यूच्या आयजीएम आणि आयजीजी या दोन्ही प्रकारच्या अँटीबॉडी कळणार, लॅबची गरजच नाही. आता माझा धंदा स्टीलचा, रक्तातलं मला शून्य कळतं. पण केसाएवढ्या बारीक नाळीत रक्त जातं कसं आणि मुळात एवढी बारीक नाळी हवीच कशाला, आपलं ते मेडिकलमध्ये मिळणारं दोन रेघांचं किट आहे की. पोरं हुशार वाटली पण हुशार पोरांचे पैसे बुडालेलेही पाहिलेत, म्हणून विचारतोय, ही गोष्ट खरी आहे का आणि मी स्टील कापावं का?

---

घणसोली_गँग | शनिवार, रात्री ९:५८

भारी धागा. जागा पकडून ठेवतोय.

---

चॅनेलकर | शनिवार, रात्री ११:१५

दादा, गोष्ट खरी आहे आणि नवीनही नाही. मी पवईत काही वर्षं याच विषयावर काम केलंय, नंतर आयटीत पळालो, सध्या ऐरोलीत. थोडं लांब लिहितो, झोप येत नाहीये.

बारीक नाळी कशाला, याचं उत्तर वेळ. अँटीबॉडी म्हणजे रक्तात तरंगणारं प्रथिन, त्याला स्वतःचं इंजिन नाही, ते नुसतं इकडेतिकडे ढकललं जात असतं. तुमच्या नाळीच्या तळाला विषाणूचा तुकडा, म्हणजे अँटिजेन, चिकटवून ठेवलेला असतो आणि अँटीबॉडी तिथवर पोचून चिकटली तरच सिग्नल मिळतो. पोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो, ही सगळी मेख आहे. आयजीजीचा डिफ्यूजनचा, म्हणजे आपोआप पसरण्याचा आकडा सेकंदाला साधारण ४० चौरस मायक्रॉन धरा. एक मिलिमीटर जायचं तर साडेतीन तासांच्या आसपास लागतात, ५० मायक्रॉन जायचं तर अर्धा मिनिट. गावदेवी मैदानात ओळखीचा माणूस शोधायचा आणि जांभळी नाक्याच्या बोळात शोधायचा, यात जो फरक तोच. बोळात तो तुमच्या अंगावरच येतो.

दुसरं, पाणी एवढ्या बारीक जागेत वेगळं वागतं. १०० मायक्रॉनच्या नाळीत सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने गेलं तर रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळबळीचा ते सांगणारा आकडा) ०.१ च्या घरात येतो, आणि पाइपात खळबळ सुरू व्हायला तो दोन हजारच्या वर लागतो. म्हणजे भोवरे वगैरे काही नाहीत, दोन धारा शेजारीशेजारी सरळ जातात, एकमेकींत मिसळतात त्या फक्त डिफ्यूजनने, हळूहळू. ड्रॉइंगमधलं नागमोडी वळण असतं ते यासाठीच, कमी जागेत लांबी वाढवून मिसळायला वेळ द्यायचा.

आणि लागणारं रक्त बघा. १०० बाय ५० मायक्रॉन, लांबी २० मिलिमीटर धरली तर आतला सगळा ऐवज ०.१ मायक्रोलिटर. बोटाचा एक थेंब त्याच्या शंभरपट तरी असतो.

कल्पना म्हणाल तर १९९० मध्ये आंद्रेआस मान्झ यांनी अख्खी लॅब एका चिपवर बसवायचा विचार मांडला, नंतर हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पीडीएमएस नावाच्या सिलिकॉन रबरात साचे ओतून हे काम कॉलेजच्या पोरांच्या आवाक्यात आणलं. २००७ मध्ये त्याच गटाने नुसत्या कागदावर पाणी अडवणाऱ्या पॉलिमरच्या अडसरांनी वाटा आखून दाखवल्या. तुमचं ते दोन रेघांचं किट त्याच घराण्यातलं, फक्त नाळीऐवजी नायट्रोसेल्युलोजची पट्टी.

---

शंकासुर_वाशी | रविवार, सकाळी ७:३१

गुड मॉर्निंग. चहा घेता घेता वाचलं. चॅनेलकर छान लिहिलंय, पण एका थेंबात सगळं कळणार हे वाक्य आम्ही आधी ऐकलंय. अमेरिकेतली रक्त तपासणीची कंपनी थेरानोस आठवतेय का? २००३ ला सुरू, काळा टर्टलनेक, मासिकांची मुखपृष्ठं, अब्जावधी डॉलर आणि २०१८ ला दुकान बंद. संस्थापक एलिझाबेथ होम्स बाईंना जानेवारी २०२२ मध्ये दोषी ठरवलं. आणि इतकं लांब कशाला, एप्रिल २०२० मध्ये बाहेरून आलेली अँटीबॉडीची रॅपिड किटं आयसीएमआरला थांबवायला लागली होती, निकाल एकमेकांशी जुळेनात म्हणून.

टूलरूमवाले काका, ॲडव्हान्स घ्या आणि मग विज्ञान वाचा.

---

चॅनेलकर | रविवार, सकाळी १०:०५

शंकासुर, थेरानोसचा मुद्दा रास्त पण इथे लागू होत नाही, का ते सांगतो.

तिथे एका थेंबात शेकडो वेगवेगळ्या टेस्ट करायचा दावा होता. त्यातल्या काही गोष्टी थेंबात असतातच इतक्या कमी की मशिन कितीही भारी असो, मोजायला मालच नसतो. विषाणूचं उदाहरण घ्या, मिलिलिटरला हजार असतील तर एका मायक्रोलिटरमध्ये सरासरी एक. कधी शून्य येईल, कधी दोन. अँटीबॉडीचं तसं नाही. मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम एवढीच विशिष्ट आयजीजी धरली, जी फार नाही, तरी एका मायक्रोलिटरमध्ये जवळपास ४०० कोटी रेणू निघतात. ४०० कोटी! थेंबाचा तुटवडा हा प्रश्न अँटीबॉडीला नाहीच.

२०११ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे सॅम्युएल सिया आणि मंडळींनी रवांडात असली प्लास्टिकची चिप वापरून एचआयव्ही आणि सिफिलिसच्या अँटीबॉडी तपासल्या, एक मायक्रोलिटर रक्तात, वीसेक मिनिटांत. सोन्याच्या नॅनोकणांवर चांदी चढवून सिग्नल काळा करायचा, म्हणजे महागडा कॅमेरा नको. २०१५ मध्ये तेच फोनच्या हेडफोनच्या जॅकला लावायच्या डबीत बसवलं, डबीचा उत्पादन खर्च ३४ डॉलर सांगितला होता. विजेचा पंपसुद्धा नाही, हाताने एकदा दाबून व्हॅक्यूम.

---

लॅबवाली_नौपाडा | रविवार, दुपारी १:२०

मी डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियन, ठाण्यात सरकारी कामातही होते आणि आता खाजगीत. दोन शब्द माझे पण.

एलायझा, म्हणजे अँटीबॉडी तपासायची लॅबमधली नेहमीची पद्धत, कशी होते ते आधी बघा म्हणजे त्या पोरांना काय वाचवायचंय ते कळेल. ९६ खड्ड्यांची प्लेट. प्रत्येक खड्ड्यात १०० मायक्रोलिटर. डेंग्यू आयजीएमचं पुण्याच्या एनआयव्हीचं (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचं) मॅक-एलायझा किट सरकारी केंद्रांना येतं, त्यात सीरम घालायचं, ३७ डिग्रीला ठेवायचं, धुवायचं, अँटिजेन घालायचं, परत ठेवायचं, परत धुवायचं, मग पुढचं. शेवटी टीएमबी हे रंग देणारं रसायन घातलं की पॉझिटिव्ह खड्डे निळे व्हायला लागतात, ॲसिड घालून थांबवलं की निळ्याचं झक्क पिवळं होतं आणि ४५० नॅनोमीटरला रीडर वाचतो. धुण्यात हयगय केली की सगळी प्लेट पिवळी, मग बोंबला. आणि सगळ्यात मोठी अडचण टेक्निकची नाहीच, प्लेट भरण्याची आहे. एका पेशंटसाठी प्लेट लावणं परवडत नाही, कंट्रोल्स (निकाल आधीच माहीत असलेली सॅम्पलं) तर लावावेच लागतात, मग सॅम्पल साठेपर्यंत थांबायचं आणि पेशंटचे नातेवाईक काउंटरवर रिपोर्ट रिपोर्ट करत उभे. एका पेशंटची एक चिप, पंधरा मिनिटं, हे खरंच झालं तर मी त्या पोरांना पेढे देईन.

पण दादा त्यांना एक विचारा, बोटातून घेतलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशींचं काय करणार. रक्ताचा चाळीस-पंचेचाळीस टक्के भाग पेशीच असतात, त्या ५० मायक्रॉनच्या नाळीत गर्दी करणार आणि रंगही गोंधळवणार. बाहेर फिल्टरचं मेंब्रेन लावणार की आतच गाळणार? आणि बोट पिळून पिळून थेंब काढला की उतींमधलं पाणी येतं आणि सगळं पातळ होतं, पहिला थेंब पुसायचा आणि दुसरा अलगद घ्यायचा. हे कागदावर कुणी लिहीत नाही.

---

पारसिक_बोगदा | रविवार, दुपारी २:०२

लॅबवाली ताई, ‘बोंबला’ वर हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

माझा अनुभव. गेल्या पावसाळ्यानंतर मुलीला ताप, दुसऱ्याच दिवशी घराजवळच्या लॅबमध्ये (नाव घेत नाही) रॅपिड कार्ड केलं, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह. आम्ही निर्धास्त. पुढच्या आठवड्यात डेंग्यूच निघाला. आता सांगा चिपने काय वेगळं केलं असतं?

---

डॉक्टर_कोपरी | रविवार, संध्याकाळी ६:४८

काहीच नाही. पारसिक, दुसऱ्या दिवशी जगातली सर्वोत्तम चिप वापरली असती तरी निगेटिव्हच आली असती कारण मुलीच्या रक्तात तेव्हा अँटीबॉडी नव्हत्याच. हे मी ओपीडीत रोज सांगतो आणि रोज लोक प्लेटलेट आणि पपईच्या पानांवर येतात.

पहिल्यांदा डेंग्यू होतो तेव्हा आयजीएम तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आसपास दिसायला लागते, आयजीजी त्याच्याही मागून. सुरुवातीच्या दिवसांत बघायचं ते एनएस१, म्हणजे विषाणूचं स्वतःचं प्रथिन, अँटीबॉडी नव्हे. लॅबने ते का केलं नाही किंवा डॉक्टरांनी का लिहून दिलं नाही हा खरा प्रश्न.

दुसऱ्यांदा होतो तेव्हा आणखी घोळ. आयजीजी सुरुवातीपासून धाडकन वर जाते आणि आयजीएम कमी येते, कधी कधी येतच नाही. म्हणजे नुसती आयजीएम बघणारी टेस्ट नेमकं त्यालाच चुकवू शकते ज्याला गंभीर आजाराचा धोका जास्त. उलट आयजीएम एकदा आली की दोन-तीन महिने रेंगाळते, त्यामुळे दिवाळीतल्या तापाला ऑगस्टमधला डेंग्यू चिकटवला जातो. शिवाय डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर ही एकाच कुळातली भावंडं, एकाच्या अँटीबॉडी दुसऱ्याच्या अँटिजेनला चिकटतात.

त्यामुळे टूलरूमवाले, तुमच्या पोरांनी आयजीएम आणि आयजीजी दोन्ही ठेवलंय हे बरं केलं. पण शेजारी एनएस१ची एक नाळी आहे का ते विचारा. नसेल तर तापाच्या पहिल्या चार दिवसांत ती चिप माझ्या टेबलावर नुसती पडून राहणार, आणि बहुतेक पेशंट त्याच चार दिवसांत येतात.

---

शंकासुर_वाशी | रविवार, रात्री ८:११

डॉक्टर, मग अँटीबॉडीच्या चिपचा उपयोग काय, म्युझियममध्ये?

---

डॉक्टर_कोपरी | रविवार, रात्री ९:३०

उपयोग आहे, जागा वेगळी आहे. जुलै २०२० आठवा, मुंबईत तीन वॉर्डांत सिरो सर्व्हे झाला तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के आणि बाहेर १६ टक्के लोकांत कोविडच्या अँटीबॉडी सापडल्या. आरटीपीसीआरने हे चित्र कधीच दिसलं नसतं. त्या सर्व्हेत शिरेतून रक्त घेऊन मोठ्या मशिनवर तपासलं, तेच काम बोटाच्या थेंबावर दारात झालं असतं तर कल्पना करा.

दुसरं लसीचं. हेपॅटायटिस बीची लस घेतल्यावर अँटीबॉडी मिलिलिटरला १० मिली इंटरनॅशनल युनिटच्या वर आहे का ते दवाखान्यातल्या स्टाफचं बघावं लागतं. तिथे हो किंवा नाही चालत नाही, आकडा लागतो. रेघ फिकट की गडद यावर आकडा कसा देणार? चिपमध्ये नाळीची मापं पक्की असतात म्हणून आकडा काढणं जमू शकतं. माझ्या मते दोन रेघांच्या किटपेक्षा चिप सरस ठरेल ती इथे.

एक हिशेब मात्र सगळ्यांनी करा. दहा हजार लोक तपासले, त्यातल्या खऱ्या बाधित १०० जणांपैकी टेस्टने ९९ पकडले. छान. उरलेल्या ९९०० पैकी फक्त २ टक्के चुकून पॉझिटिव्ह आले तरी ते १९८. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या तिघांपैकी दोघांना काहीच झालेलं नसतं. ९८ टक्के अचूक असं पाकिटावर छापलेलं असतं आणि ते खोटंही नसतं.

---

घणसोली_गँग | रविवार, रात्री ९:४४

हा हिशेब सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का, तिथे लय गरज आहे.

---

महापे_डायमेकर | सोमवार, सकाळी ८:५०

अरे कोणी मोल्डबद्दल बोलेल का नाही?

मित्रा, पार्टमध्ये नाळी म्हणजे मोल्डमध्ये उभी कड, ५० मायक्रॉन उंच. ती स्पार्कवर (विजेच्या ठिणगीने स्टील कोरणाऱ्या मशिनवर) मारू नको, पृष्ठभाग खडबडीत येतो आणि तोच खडबडीतपणा नाळीच्या तळाला छापला जातो, प्रकाशाने वाचायचं असेल तर सगळा सत्यानाश. प्रोटोटाइपला पितळेचा इन्सर्ट (साच्यात बसवायचा तुकडा) मायक्रो-मिलिंग करून घे, ते करणारे आहेत. पुढे क्वांटिटी वाढली तर निकेलचं इलेक्ट्रोफॉर्मिंग (विजेने धातूचा थर चढवत) करून इन्सर्ट. मोल्ड नेहमीसारखा थंड ठेवलास तर मटेरियल कडेच्या मुळाशी पोचायच्या आधीच गोठतं आणि नाळीच्या कडा गोल होतात. साचा भरताना गरम आणि काढताना गार अशी सोय लागते, म्हणजे सायकल टाइम वाढणार, तो रेटमध्ये धर.

इजेक्टर पिन नाळीपासून लांब. पिनची खूण जरा जरी वर आली तरी नाळ्या झाकणारं वरचं फिल्म बसत नाही आणि रक्त एका नाळीतून दुसऱ्या नाळीत. वॉर्पेज पण तसंच, कार्डाएवढा चपटा पार्ट आहे, वाकणारच.

रिलीज स्प्रे का नको ते त्यांनी सांगितलं का?

---

चॅनेलकर | सोमवार, दुपारी १२:३०

मी सांगतो. स्प्रेतलं सिलिकॉन पार्टवर बसलं की अँटिजेन चिकटत नाही आणि पाणी पण आत शिरत नाही. सीओसी तसंही पाण्याला दूर ठेवतं, म्हणून नाळीने आपोआप थेंब ओढून घ्यायचा तर पार्टला ऑक्सिजन प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विजेने भारलेला वायू) देतात किंवा आतून कोटिंग करतात. काही पृष्ठभागांवर प्लाझ्माचा परिणाम काही तासांत किंवा दिवसांतच उतरायला लागतो, पीडीएमएसवर तर फारच लवकर. दादा, त्यामुळे पीओमध्ये, म्हणजे ऑर्डरच्या कागदावर, स्पष्ट लिहून घ्या की तुम्ही कोरा पार्ट देणार, प्लाझ्मा आणि फिल्म लावणं त्यांचं. नाहीतर नाळीत रक्त अडकलं की खापर मोल्डवर फुटणार.

आणि बुडबुडे. लॅबमधले माझे निम्मे दिवस बुडबुड्यांनी खाल्ले. कोपऱ्यात एक बुडबुडा अडकला की द्रव त्याला वळसा घालून जातं, तेवढा भाग कोराच राहतो आणि टेस्ट निगेटिव्ह दिसते. गंमत म्हणजे सिया यांच्या चिपमध्ये हवेचे तुकडे मुद्दाम ठेवले होते, नळीत रसायनं ओळीने भरायची आणि दोघांच्या मध्ये हवा, म्हणजे एकमेकांत मिसळत नाहीत.

---

लॅबवाली_नौपाडा | सोमवार, दुपारी ३:१५

अजून एक, दमट हवा. चिपमध्ये सुकवलेली रसायनं असणार, बहुधा साखरेसोबत, ट्रेहॅलोज वगैरे, म्हणजे प्रथिनं तग धरतात. पण जुलैत ठाण्यात फॉइल फोडून किट टेबलावर ठेवलं आणि फोन घ्यायला गेलं की कार्डाने ओल धरलीच म्हणून समजा. साधी रॅपिड कार्डं पण फोडल्या फोडल्या वापरा असं लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. पोरांनी चाचण्या एसीत केल्यात की कळव्याच्या एखाद्या दवाखान्यात, पंख्याखाली?

---

रबाळे_टूलरूम | मंगळवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आज पोरं येऊन गेली. तुमचे सगळे प्रश्न एका कागदावर लिहून ठेवले होते, चहा यायच्या आत विचारून टाकले. एनएस१ची नाळी आहे, तिसरी, ती ड्रॉइंगच्या पुढच्या रिव्हिजनला येणार म्हणाले. मग मी म्हटलं रिव्हिजन येऊ दे, मग कापू. पेशी गाळायला बाहेर मेंब्रेन आहे. दमट हवेच्या प्रश्नावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं, एसीतच केलंय. डॉक्टरांचा १९८ वाला हिशेब विचारला तर त्यातली मुलगी म्हणाली काका तुम्ही मोल्डमेकर ना नक्की? तिला मात्र सगळं पाठ होतं, डेंग्यूसाठी ते ताप आलेल्यांवरच वापरायचं, सरसकट नाही, त्यामुळे खोटे पॉझिटिव्ह प्रमाणात राहतात असं तिने समजावलं. ते पटलं.

ठरलं असं की आधी पितळेच्या इन्सर्टवर प्रोटोटाइप, कोरा पार्ट, प्लाझ्मा त्यांचा. स्टीलचं नंतर बघू.

---

शंकासुर_वाशी | मंगळवार, रात्री १०:३३

ॲडव्हान्स?

---

रबाळे_टूलरूम | मंगळवार, रात्री १०:४१

निम्मा. खात्यात आला की इन्सर्टची ऑर्डर सोडतो. महापेवाले, ते मायक्रो-मिलिंगवाल्यांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज, आणि सीओसीचे दाणे सुटे, एक-दोन बॅगा, कोण देतं का तेही. डीलर पूर्ण लॉटच घ्या म्हणतोय.